रानातल्या कंदवेली ओळखायच्या कशा? सल्ला हवाय

रानभटक्या:
कोनफळाच्या जातीच्या रानवेली ओळखायला शिकतोय. बदामाच्या आकाराचं पान दिसलं की सगळ्याच सारख्या वाटतात, त्यात कळलावीचा कंद खाऊन माणसं दगावल्याचं वाचलंय त्यामुळे धास्ती बसलीये. नेमकं काय बघायचं? एखादं ॲप सुचवलंत तरी चालेल.

वनिता_क:
ॲप नाव शोधायला ठीक, पण त्याच्या भरवशावर काही तोंडात टाकू नका हो. आणि पानाच्या आधी खोड बघा. कोनफळाचं खोड चौकोनी, कडांना पातळ पंखासारख्या पट्ट्या, चिमटीत धरून फिरवलं की लगेच कळतं, पानं समोरासमोर जोडीने (बुडाशी एकाआड एक असू शकतात म्हणून वरची बघा). करांद्याचं खोड गोल गुळगुळीत, पानं एकाआड एक. दोघांचे वेढे एकमेकांच्या उलट दिशेने जातात. पानाच्या बगलेत लटकणारे कंद दोन्हींना येतात, त्यामुळे ती एकच खूण धरून बसू नका. रानटी करांदा नुसता कडू नसतो, यकृताला बाधतो.

माळरान:
+१. एका देठावर तीन पत्रकं (एकाच पानाचे सुटे भाग) आणि खोडाला काटे असले तर ती हिस्पिडा (कोनफळाच्याच जातीची विषारी वेल) असू शकते, तिच्यातल्या डायोस्कोरीन या विषाने आकडी येते. शेंडवेलही काटेरी असते, तिला बहुतेक पाच पत्रकं, पण तीनही सापडतात. नवख्याने तीन दिसली की सरळ सोडून द्यावी.

रानभटक्या:
आणि कळलावी, फुलं नसताना?

वनिता_क:
पानाचं टोक बघा, ते लांबत जाऊन स्प्रिंगसारखं वळतं आणि त्यानेच वेल आधार पकडते. कोनफळाच्या कुठल्याच जातीत हे नसतं, त्या खोडानेच वेढे घेतात. खरा घोटाळा होतो तो वेल वाळल्यावर, कारण मग हातात फक्त कंद उरतो. कळलावीचा बऱ्याचदा इंग्रजी व्ही सारखा दुबेळका असतो, पण तुटलेला तुकडा असला की तेही कळत नाही, म्हणून वेल हिरवी असताना ओळखून खूण केली नसेल तर कंद खणूच नका. त्यातलं कोल्चिसीन हे विष उकळून जात नाही, आणि उलट्या-जुलाब सुरू व्हायला कित्येक तास लागतात, तेव्हा थोडंसं खाऊन बघू हा प्रकार इथे चालतच नाही. कोणी खाल्लाच तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता उरलेला कंद सोबत घेऊन दवाखाना गाठा.