ऑक्सिजनची आयनीभवन ऊर्जा नायट्रोजनपेक्षा कमी कशी?

प्रश्न:
आवर्तात (आवर्तसारणीच्या आडव्या ओळीत) डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकावरील प्रभार वाढतो, म्हणून आयनीभवन ऊर्जाही (अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) वाढत जाते, असा आवर्ती कल आम्ही शिकलो. तरीही नायट्रोजनची पहिली आयनीभवन ऊर्जा १४०२ किलोज्यूल प्रति मोल आहे आणि त्याच्या पुढच्या ऑक्सिजनची १३१४. ‘अर्धे भरलेले उपकवच स्थिर असते’ या उत्तराने माझे समाधान होत नाही. स्थिर म्हणजे नेमके काय?

उत्तर १:
आपली शंका रास्त आहे, कारण ते वाक्य घडते काय ते सांगते, का घडते ते सांगत नाही. नायट्रोजनचे तीन २पी इलेक्ट्रॉन (दुसऱ्या कवचाच्या पी उपकवचातील) तीन निरनिराळ्या कक्षकांत (उपकवचातील इलेक्ट्रॉनांच्या जागांत) एकेकटे असतात. ऑक्सिजनमधील चौथ्याला मात्र आधीच एक इलेक्ट्रॉन असलेल्या कक्षकात जोडीने राहावे लागते आणि जोडीतील वाढलेल्या प्रतिकर्षणामुळे त्याला बाहेर काढणे सोपे जाते. आकडे ओळीने मांडून पाहा: बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२ ही एक चढण आणि ऑक्सिजन १३१४, फ्लुओरिन १६८१, निऑन २०८१ ही दुसरी. दोन्ही चढणी अखंड आहेत, दुसरी फक्त थोडी खालून सुरू होते. त्यामुळे कल मोडला असे मी म्हणणार नाही.

उत्तर २:
याची पडताळणीही करता येते. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची इलेक्ट्रॉन-रचना नायट्रोजनसारखी होते आणि तशाच फ्लुओरिनची ऑक्सिजनसारखी. तेव्हा कारण जोडीतच असेल, तर दुसऱ्या आयनीभवन ऊर्जेतील (दुसरा इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेतील) घट एक घर पुढे सरकायला हवी. ती सरकते: ऑक्सिजन ३३८८, फ्लुओरिन ३३७४. मला हा पुरावा सर्वांत पटणारा वाटतो.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. बेरिलियमकडून बोरॉनकडे जाताना होणारी घटही जोडीमुळेच होते का?

उत्तर १:
नाही, तिचे कारण वेगळे आहे. बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन २एसमध्ये नसून अधिक ऊर्जेच्या २पी कक्षकात असतो आणि आतील इलेक्ट्रॉनांच्या आडोशामुळे त्याला केंद्रकाचे आकर्षण कमी जाणवते. मॅग्नेशियम ७३८ आणि ॲल्युमिनियम ५७८ यांतील घटही अशीच होते. जोडीचा परिणाम मात्र खालच्या आवर्तात मंदावतो: ३पी कक्षक अधिक पसरलेले असल्याने फॉस्फरस १०१२ आणि गंधक १००० यांच्यात जेमतेम १२चा फरक उरतो.