मोटारीचं इंजिन, घरचं विमान: तेल कोणतं घालता? अनुभव लिहा

पंखेवाला
अमेरिकेतल्या ऑश्कोशच्या जुलैतल्या विमान-मेळाव्यात घरी बांधलेल्या विमानांच्या रांगेत उभं राहून कुणालाही "तेल कोणतं?" एवढंच विचारा. पुढचा अर्धा तास तुमचा नाही.

माझं सोनेक्स, म्हणजे घरी जोडायचं छोटं विमान, आता शेवटच्या टप्प्यात आहे. इंजिन एरोव्ही, म्हणजे फोक्सवॅगन बीटल गाडीच्या कुळातलं, हवेवर थंड होणारं, २१८० सीसी, ८० अश्वशक्ती. किट आणून गॅरेजमध्येच जोडलं. आता पहिलं तेल ओतायचंय आणि सल्ले येताहेत दोन टोकांचे. एक गट म्हणतो, विमान आहे ना, मग विमानाचंच तेल घाल. दुसरा म्हणतो, आपल्याला कुठे बसवलंय हे इंजिनाला काय ठाऊक!

ज्यांनी खरंच उडवलंय त्यांनी लिहा. इंजिन कोणतं, पेट्रोल एव्हगॅस (विमानाचं, शिसं घातलेलं) की पंपावरचं, तेलाचा ग्रेड काय, उन्हाळ्यात चढताना तेल किती तापतं, फिल्टरमध्ये काय सापडलं. इकडून तिकडून चिकटवलेलं नको, शोधता मलाही येतं. तळपद्यांच्या विमानाची चर्चा कृपया वेगळ्या धाग्यावर.

डेटनचा बंडू
माझ्याकडे पीटनपोल एअर कँपर, त्यावर शेवरोले कॉर्व्हेअरचं सहा सिलिंडरचं २.७ लिटर इंजिन. पीटनपोलसाहेबांनी १९२९ साली याच विमानावर फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन उडवलं होतं आणि साठच्या दशकात स्वतःच कॉर्व्हेअरकडे वळले. तेव्हा हा वेडेपणा काही आपला नवा नाही.

तेलाच्या बाबतीत माझं सगळं लक्ष कॅमवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर. कॉर्व्हेअरमध्ये आणि तुमच्या बीटलमध्येही कॅम सपाट टॅपेटवर घासत जातो, रोलर-बिलर काही नाही. त्या घासणीत मध्ये उभं राहतं ते झिंक, म्हणजे झेडडीडीपी हे झीज रोखणारं रसायन. यातल्या फॉस्फरसमुळे गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो म्हणून त्यावर मर्यादा येत गेल्या. २००४ च्या एपीआय एसएम या तेलाच्या मानकापासून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस जास्तीत जास्त ०.०८ टक्के. रोलरवाल्या नव्या इंजिनांना तेवढं पुरतं, आपल्या म्हाताऱ्यांना नाही. म्हणून मी डिझेल ट्रकचं १५डब्ल्यू-४० घालतो, शेल रोटेला. ब्रेक-इनच्या वेळी, म्हणजे नवं इंजिन रुळवताना, वरून झिंकची बाटलीही ओतली होती.

पंखेवाला, पहिल्या स्टार्टचं नीट ऐका. डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिल मशीनने ऑइल पंप फिरवून आधी प्रेशर आणलं, मगच चावी (बीटलमध्ये ही सोय नाही, तिथे प्लग काढून पंखा फिरवतात). चालू झाल्यावर अर्धा तास २००० आरपीएमच्या खाली येऊ दिलं नाही. कॅमला तेल मिळतं ते क्रँकच्या शिडकाव्यातून, आयडलला तो शिडकावा कमी पडतो. आणि नवा कॅम बिघडला तर तो या पहिल्या अर्ध्या तासातच बिघडतो.

नंतर फिल्टर कापला, कागदाच्या घड्या उलगडल्या, पांढऱ्या बशीत धुतल्या आणि बशीखालून चुंबक फिरवलं. बारीक काळी लव उभी राहिली. ते लोखंड, नव्या इंजिनात तेवढं चालतं. चमकणारे आणि चुंबकाला न जुमानणारे कण दिसले तर मात्र बेअरिंगकडे संशयाने बघायचं.

गॅरेजवाले काका (सांगली)
मंडळी, माझं विमान नाही, पण आयुष्य तेलातच गेलं म्हणून विचारतो. आमच्याकडे ट्रकला १५डब्ल्यू-४० सीआय-४ प्लस सर्रास चालतं, त्यात झिंक भरपूर. मग विमानाचं महाग तेल घ्यायचं तरी कशाला? त्यात वेगळं असतं काय?

अनघा_ठाणे
काका, वंगणतेलाच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली आहे, म्हणून उत्तर देते. विमान मी फक्त खिडकीतून बघितलंय.

मोटारीच्या तेलात कॅल्शियम, मॅग्नेशियमची डिटर्जंट्स असतात. ती आम्ल मारतात, पिस्टन स्वच्छ ठेवतात, पण जळली की मागे राख उरते. लायकॉमिंग, कॉन्टिनेंटल ही खास विमानाची इंजिनं मोठ्या बोअरची, हवेवर थंड होणारी. फटी सैल ठेवलेल्या, त्यामुळे तेल पितात. ती राख सिलिंडरमध्ये साठून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते. म्हणून त्यांचं तेल बिनराखेचं, ॲशलेस डिस्पर्संट. त्यांच्या डब्यावर १०० लिहिलेलं असतं ते साधारण एसएई ५०, आणि ८० म्हणजे एसएई ४०.

मोटारीचं इंजिन घट्ट फटींचं, तेल फार जाळत नाही आणि त्याची घडणच डिटर्जंटवाल्या तेलावर झालेली. त्यात विमानाचं तेल घातलं तर लगेच काही फुटणार नाही. पण विमानाच्या तेलात झिंक नसतं (काहींत दुसरं झीजरोधक रसायन असतं), आणि आम्ल मारायची ताकदही कमी. वॉटर-कूल्ड सुबारू किंवा होंडात मी तरी ते घालणार नाही. इंजिन आणि पेट्रोल बघून तेल ठरवा, विमान बघून नको.

एक मात्र खरं. गाडी हायवेला आपल्या ताकदीच्या पाव हिश्श्यावर आरामात धावते. तेच इंजिन विमानात तास न् तास पाऊण ताकदीवर राबतं. त्यामुळे गाडीच्या मॅन्युअलमधला ग्रेड डोळे मिटून घेऊ नका. मायलेजसाठी पातळ केलेली ०डब्ल्यू-२० छापाची तेलं तर लांबच ठेवा.

यॉर्कशायरचा अण्णा
अनघाताई, थोडा मतभेद. आमच्याकडे जुनं ड्रुइन टर्ब्युलंट आहे, फोक्सवॅगनवालं. त्यात आम्ही विमानाचंच तेल वापरतो, उन्हाळ्यात १००, हिवाळ्यात ८०, आणि इंजिन मजेत आहे. जुन्या बीटल इंजिनाला फिल्टर नसतो, नुसती जाळी. मोटारीच्या तेलासारखी घाण तेलात तरंगत ठेवून उपयोग काय, ती धरायला कुणी नाही. उपाय एकच, तेल लवकर बदला. अडीच लिटर तर लागतं! आम्ही २५ तासांनी बदलतो.

पेट्रोल मात्र यूएल९१, बिनशिशाचं. त्याने निम्मी डोकेदुखी गेली.

आणि पंखेवाला, तुमच्या सोनेक्सला शेपटीखाली चाक असेल तर डिपस्टिकवरची खूण आपली आपण करा. जमिनीवर नाक वर असतं, गाडीतली मूळ खूण तिथे खोटी ठरते. शेपूट स्टुलावर ठेवून विमान समपातळीत आणा, मोजून तेल ओता, मग शेपूट खाली ठेवून पुन्हा डिपस्टिक बघा आणि कानशीने बारीक रेघ मारा. काठोकाठ भरू नका, जास्तीचं तेल ब्रीदरमधून (इंजिनाची हवा बाहेर सोडणारी नळी) बाहेर येतं आणि पोटाखाली माखतं. इथल्या क्लबात कोण किती भरतो ते विमानाच्या पोटावरून ओळखतात.

मेलबर्नची वहिनी
आमच्या ह्यांचा जायरोकॉप्टर, सुबारू ईए८१. लिहायला मी बसलेय कारण ते लिहीत नाहीत आणि तेल बदलताना टॉर्च धरायचं काम माझं.

घरी असलो की पंपावरचं पेट्रोल. लांब गेलो की विमानतळावर एव्हगॅसच मिळतं, आणि त्यात लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं. ह्यांनी महागाचं फुल सिंथेटिक घातलं होतं. अशाच एका लांबच्या फेरीनंतर फिल्टर काढला तर आत राखाडी लगदा, बोटाला मळासारखा चिकटणारा. सिंथेटिक तेल बाकी सगळ्यात सरस, पण शिशाचा हा गाळ ते धरून ठेवत नाही, सोडून देतं. नंतर वाचलं की मोबिलचं पूर्ण सिंथेटिक विमानतेल, एव्ही १, याच कारणाने १९९० च्या दशकात बाजारातून मागे घ्यावं लागलं होतं.

आता सेमी-सिंथेटिक. एव्हगॅसवर उडलो की अर्ध्या मुदतीत तेल बदल. पंख्याचा वेग कमी करणाऱ्या रिडक्शन गिअरबॉक्सचं तेल वेगळं, त्याची आठवण मलाच करून द्यावी लागते.

ह्यूस्टनकर
माझं प्रकरण सगळ्यांहून वेगळं. मॅझ्दाचं १३बी रोटरी. यात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमही नाही, त्यामुळे झिंकची चर्चा मी ऐकून सोडून देतो. गाडीत हे इंजिन ऑइल पॅनमधलंच तेल थोडंथोडं मुद्दाम जाळतं, टोकाच्या सीलना वंगण मिळावं म्हणून. जाळायचंच तर राखेचं तेल कशाला? मी तो मीटरिंग पंप काढून टाकला आणि पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोकचं तेल मिसळतो, जुन्या स्कूटरवाल्यांना हे सांगायला नको. दर वेळी टाकीत मोजून ओतणं आलं, आणि ते विसरून चालत नाही.

खरी लढाई तापमानाची. रोटर आतून तेलानेच थंड होतात, एकूण उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा तेल वाहून नेतं. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये चढताना काटा ११० अंशांकडे सरकायला लागला की मी नाक खाली करतो. ग्रेड बदलून फरक नगण्य. कूलरच्या तोंडाशी पुठ्ठा आणि ॲल्युमिनियम टेप लावून हवेची वाट नीट केली तेव्हा काटा खाली आला. पुढे तोच आकार फायबरग्लासमध्ये केला. कोणाचंही तेल तापत असेल तर दुकानात जाण्याआधी डक्ट बघा.

रेवा_स्टुटगार्ट
आमच्या क्लबच्या मोटरग्लायडरवर लिंबाख इंजिन आहे. तेही मूळचं फोक्सवॅगनच, पण रीतसर प्रमाणपत्रवालं, त्यामुळे तेल निवडायचं स्वातंत्र्य शून्य. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घालायचं. मला तुम्हा सगळ्यांचा हेवा वाटतो, आणि नाहीही.

माझा अनुभव उलटा, न तापणाऱ्या तेलाचा. जानेवारीत दहा-दहा मिनिटांची उड्डाणं, तेल ६० अंशांच्या वर जायचं नाव नाही. टोपण उघडलं की आतून ताकासारखा पांढरट थर. ते पाणी. उड्डाणात तेल ८५-९० अंशांपर्यंत गेलं नाही तर पाणी आतच राहतं, आम्ल होतं आणि कॅम गंजतो. हिवाळ्यात आम्ही कूलरचा अर्धा भाग टेपने झाकतो. ब्रीदरच्या नळीचं तोंडही बघत जा. तिथे बर्फ धरला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि पुढचं सील तेल ओकतं. म्हणून नळीला काऊलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) आत, उबेत, एक चीर देतात.

गॅरेजवाले काका (सांगली)
ताईंचं उत्तर पटलं. माझी भर दोन गोष्टींची. इथे कुणी असलं काही बांधत असेल (कांदिवलीत गच्चीवर कॅप्टन अमोल यादवांनी बांधलंच की!) तर सुटं, ड्रममधलं तेल घेऊ नका. सील शाबूत बघून घ्या, आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी भोसका, नाहीतर तोच डबा पुन्हा भरून परत येतो.

दुसरं, मोटरसायकलचं तेल "दाट असतं" म्हणून सुचवणारे भेटतील. ते ओल्या क्लचसाठी असतं, जेएएसओ एमए लिहिलेलं. ज्या इंजिनात गिअरबॉक्सही त्याच तेलात बुडतो तिथे त्याला अर्थ आहे. बीटलला त्याचा काही उपयोग नाही.

पंखेवाला
सगळ्यांचे आभार. ठरवलंय असं: पहिल्या अर्ध्या तासासाठी एकेरी ग्रेडचं एसएई ३० आणि झिंक, लगेच काढून टाकायचं. मग व्हॅल्व्होलिन व्हीआर१ २०डब्ल्यू-५०, कारण त्यात झिंक आहे आणि इथल्या उन्हाळ्याला जाडी पुरते. पेट्रोल पंपावरचं, पण इथेनॉल नसलेलं. अण्णांची रेघ या शनिवारी मारतो. माझ्या इंजिनावर फिल्टर बसवलाय, तेव्हा बंडू, फिल्टर कापायला नेमकं काय वापरता? करवतीने कापला तर करवतीचाच कीस आत जाईल ना?

डेटनचा बंडू
करवत नकोच. फिल्टर कटर म्हणून चाकाचं हत्यार मिळतं, प्लंबर पाइप कापतात तसल्याच जातीचं. कडेला लावून गोल फिरवायचं, कीस पडत नाही. आधी फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळू दे, नाहीतर वर्कबेंचवर तळं होईल.

अनघा_ठाणे
आणि कापायच्या आधी, तेल गरम असतानाच, मधल्या धारेतून प्रयोगशाळेत तपासायला नमुना बाटलीत घ्या. सुरुवातीच्या धारेत तळाचा गाळ येतो. एका अहवालाने घाबरू नका, लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम हे आकडे दर वेळी लिहून ठेवा. मेलबर्नच्या वहिनींच्या अहवालात शिसं हजारांत दिसेल, ते बेअरिंगचं नाही, एव्हगॅसचं.

मेलबर्नची वहिनी
हे ह्यांना वाचून दाखवलं. "सांगत होतो ना" म्हणाले. सांगत नव्हते.