मदत हवी: एलटीस्पाइस आणि एक्सेलचा आरएमएस करंट जुळत नाही, वाइंडरला कोणता आकडा देऊ?

उद्यमबागचा फ्यूज

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत कंट्रोल कार्डांचं छोटं काम आहे माझं. वडगावच्या एका यंत्रमागवाल्यांना धागा तुटला की माग थांबवणारं कार्ड हवंय. पॉवर सप्लाय साधाच: १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज, २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. एलटीस्पाइस म्हणजे संगणकावर सर्किट चालवून बघायचं सॉफ्टवेअर; त्यातल्या सिम्युलेशनमध्ये लोड म्हणून ३० ओहम लावलाय आणि वाइंडिंगचा रेझिस्टन्स अंदाजाने अर्धा ओहम धरलाय.

ट्रान्सफॉर्मर शहापुरात भरून घेणार. वाइंडर विचारूलालाय, सेकंडरीला (१२ व्होल्टच्या वाइंडिंगला) करंट किती? डीसी बाजूला अर्ध्या अँपिअरच्या आसपास आहे, पण ब्रिज ठोके मारत करंट ओढतो, त्यामुळे सेकंडरीत आरएमएस (तार किती तापेल ते ठरवणारा करंट) जास्त येणार एवढं ठाऊक आहे. एलटीस्पाइसमध्ये करंटच्या नावावर कंट्रोल दाबून क्लिक केलं तर ०.९१ अँपिअर. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने तोच डेटा टेक्स्टमध्ये एक्सपोर्ट करून एक्सेलात वर्ग, सरासरी, वर्गमूळ काढलं तर १.३! वरून झूम केलं की एलटीस्पाइसचा आकडाही हलतो.

०.९१ ला २२ गेजची तार पुरेल, १.३ ला २१ किंवा २० ची जाड तार लागेल, आणि ती बॉबिनमध्ये मावायची नाही असं वाइंडर म्हणतोय. खरा आकडा कोणता?

जाता जाता: एफएफटी (लाटेत कोणकोणत्या फ्रिक्वेन्सी आहेत तो आलेख) काढलं तर हार्मोनिकच्या, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटींच्या, सुळक्यांच्या मधे सगळीकडे गवत उगवल्यासारखं दिसतंय. तेही सर्किटमध्ये आहे का?

खानापूर रोड

एक्सपोर्ट केलेल्या फाइलचा वेळेचा कॉलम बघा की. दोन ओळींमधलं अंतर सगळीकडे सारखं आहे का?

उद्यमबागचा फ्यूज

नाही. कुठे काही मायक्रोसेकंद, कुठे त्याच्या कितीतरी पट.

खानापूर रोड

मग झालं. स्पाइस ठरावीक अंतराने मोजतच नाही. डायोड चालू-बंद होतो तिथे लहान लहान पावलं टाकतं, करंट शून्य असतो तिथे लांब ढांगा. त्यामुळे फाइलमध्ये ठोक्याच्या ओळी दाट आणि शून्याच्या विरळ. भाच्याने प्रत्येक ओळीला सारखंच मत दिलं, म्हणून ठोक्याचं पारडं जड झालं आणि आकडा फुगला. दोष एक्सेलचा नाही, सूत्राचा.

एक्सेलातच करायचं असेल तर लागोपाठच्या दोन ओळींच्या करंटचे वर्ग घ्या, त्यांच्या सरासरीला त्या दोन वेळांमधल्या फरकाने गुणा. अशी सगळी बेरीज करून एकूण वेळेने भागा, मग वर्गमूळ. ०.९१ च्या जवळच येईल.

निपाणी नाका

झूमचं सांगतो. कंट्रोल-क्लिकचा आकडा पडद्यावर जेवढी लाट दिसते तेवढ्याचाच असतो. ५० हर्ट्झची एक सायकल २० मिलीसेकंदांची, तेव्हा पडद्यावर पूर्ण सायकली दिसतील असंच बसवायचं. अर्धवट ठोका कापला गेला की आकडा घसरतो किंवा चढतो. सुरुवातीला रिकामा कपॅसिटर भरताना जो मोठा करंट येतो तोही त्यात नको.

त्यापेक्षा स्कीमॅटिकवर मेझर कमांड टाका: ट्रान्झियंट, आरएमएस, १०० ते २०० मिलीसेकंद. पाच सायकली पूर्ण. उत्तर लॉगमध्ये येतं, कंट्रोल आणि एल दाबून उघडा. मग झूम कितीही करा, ते हलत नाही.

गवत सर्किटमधलं नाही. एफएफटीला सारख्या अंतराचे बिंदू लागतात, म्हणून सॉफ्टवेअर मधले बिंदू अंदाजाने भरतं. शिवाय एलटीस्पाइस फाइल लहान ठेवायला डेटा कॉम्प्रेस करतं. ऑप्शनमध्ये प्लॉटविनसाइझ शून्य करा, ट्रान्झियंटमध्ये जास्तीत जास्त पाऊल १ मायक्रोसेकंद ठेवा आणि एफएफटीलाही तेच १०० मिलीसेकंद द्या. सेकंडरीच्या करंटमध्ये ५०, १५०, २५० असे विषम सुळके उरायला हवेत, कपॅसिटरच्या व्होल्टेजमध्ये १००, २००. फाइल मात्र भरपूर मोठी होईल.

वाळवंटी ओहम

सगळे आकड्याच्या मागे लागलेत, पण तो अर्धा ओहम आला कुठून? ठोक्याची उंची त्याच्यावरच ठरते. तो शून्याकडे नेला की सिम्युलेशन वाटेल तेवढा उंच ठोका दाखवेल. त्याच मापाचा एखादा जुना ट्रान्सफॉर्मर असेल तर दोन्ही वाइंडिंग मल्टिमीटरने मोजा. सेकंडरी मोजताना आधी दोन्ही प्रोब एकमेकांना लावून येणारा आकडा वजा करा, नाहीतर प्रोबचाच रेझिस्टन्स मोजाल. प्रायमरीचा (२३० व्होल्टच्या वाइंडिंगचा) रेझिस्टन्स १२ भागिले २३० च्या वर्गाने गुणून सेकंडरीत मिळवायचा.

उद्यमबागचा फ्यूज

मोजलं. प्रायमरी १०० ओहम, म्हणजे सेकंडरीकडून ०.२७. सेकंडरी स्वतः ०.३. एकूण ०.५७. नवा आरएमएस मेझर कमांडने ०.८८, आणि भाच्याच्या सुधारलेल्या सूत्रानेही तेवढाच. गवतही गेलं. वाइंडरला २२ गेज आणि १५ व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) सांगितलं. तो डीसीचा अर्धा अँपिअर ऐकून ६ व्हीएचा कोअर घ्यायला निघाला होता!

वाळवंटी ओहम

६ मध्ये तो दुपारपर्यंत वासच मारू लागला असता. बरं, ब्रिजच्या पुढे काय आहे? ३० ओहम खरोखरचा तर नसेल.

उद्यमबागचा फ्यूज

७८०५ आहे, ५ व्होल्टचा रेग्युलेटर.

वाळवंटी ओहम

मग ३० ओहमच्या जागी अर्ध्या अँपिअरचा करंट सोर्स लावून एकदा परत चालवा, रेग्युलेटर तसाच वागतो. रिपलच्या (कपॅसिटरच्या व्होल्टेजमधल्या चढउताराच्या) तळाला कर्सर लावा. ७८०५ ला साधारण ७ व्होल्ट पुरतात, तुमच्याकडे बारा-तेरा असणार, तिथे चिंता नाही. पण उरलेले आठ-नऊ व्होल्ट तो उष्णतेत घालवणार, म्हणजे चार वॅटच्या वर. मागाच्या शेडमध्ये एप्रिलात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. ७८०५ चं मॉडेल लावून त्याच्यावर अल्ट दाबून क्लिक करा, कर्सरचा थर्मामीटर होतो आणि पॉवरची लाट येते. तिच्या नावावर कंट्रोल-क्लिक केलं की सरासरी वॅट. हीटसिंक त्यावरून ठरवा.

उद्यमबागचा फ्यूज

व्हय, हीटसिंक धरलाच नव्हता कार्डावर. जागा करतो.