पोलो जीटीसाठी टायर आणि अलॉय: सोलापूरच्या उन्हाळ्यात काय टिकेल?

विजापूररोडकर:
नमस्कार मंडळी. माझी २०१९ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे, कंपनीचेच टायर, १९५/५५ आर १६ (रुंदी १९५ मिमी, भिंत त्याच्या ५५ टक्के, रिम १६ इंच). टायर संपलेत. शिवाय ऊस हंगामात मंगळवेढ्याकडून रात्री येताना ट्रॉलीला चुकवलं आणि डावीकडची दोन्ही चाकं खड्ड्यात गेली. एक रिम वाकलं, एकाला चीर आहे. गाडी रोज शहरात सात रस्ता चौकापर्यंत, महिन्यातून दोनदा पुणे. एप्रिल-मे मध्ये दुपारीच निघावं लागतं. टायर आणि रिम मिळून बजेट ४५ हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. गाडी जीव लावून ठेवली आहे, चालवताना मजा गेली नाही पाहिजे. काय घेऊ?

जीटी_मालक:
१७ इंच, दुसरा विचारच करू नका. मी २१५/४५ आर १७ मध्ये मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ टाकले, वर नवे अलॉय. सगळे मिळून लाखाच्या आसपास गेले, पण वळणावर गाडी रुळावरून चालल्यासारखी चालते. टायरमध्ये पैसे वाचवायचे असतील तर जीटी घेतली कशाला?

बार्शीचा_पाव्हणा:
मालक, त्यांनी ४५ हजार लिहिलंय. आणि १७ वर आमच्या बार्शी रोडला या एकदा. माझ्या व्हेंटोला १७ होते, एका वर्षात दोन रिम वाकले. टायरची भिंत पातळ झाली की खड्ड्याचा मार थेट रिमला बसतो. मी १६ वर आलो आणि २०५/५५ टाकले. गाडी थोडी उंच झाली, स्पीडब्रेकरला घासत नाही. तुम्हीही तेच करा.

नवीपेठ_काका:
टायर कुठलाही घ्या, नायट्रोजन भरा. नायट्रोजन भरला की उन्हाळ्यात टायर फुटत नाही. मी सहा वर्षं भरतोय, एकदाही फुटला नाही.

जुळे_सोलापूरची:
काका, माझ्या टायरमध्येही नायट्रोजनच होता आणि मे महिन्यात टेंभुर्णीच्या पुढे फुटला. कारण वेगळं होतं. मोहोळजवळच्या एका पंपावर पोराने हवा तपासली, म्हणाला ताई ३७ पीएसआय आहे, जास्त झाली, आणि ३० वर आणली. टायर तापलेले होते, मी हो म्हणाले. पुढे तासाभरात मागचा टायर गेला. सोबत आई होती. त्या दिवसापासून मी हवा फक्त सकाळी, गाडी उभी असताना तपासते आणि तापलेल्या टायरची हवा कुणालाही सोडू देत नाही. टायर कुठला घेताय यापेक्षा हे आधी लिहून ठेवा.

टायरवाला_अक्कलकोटरोड:
ताईंचं शंभर टक्के बरोबर. साधारण साडेपाच अंश तापमान वाढलं की १ पीएसआय हवा वाढते. पहाटेचे ३२ दुपारी हायवेवर ३७ होणारच. कंपनीने पेट्रोलच्या झाकणाच्या आत जो आकडा दिलाय तो थंड टायरचा असतो. हवा कमी असली की टायरची भिंत जास्त दुमडते, त्यातून उष्णता तयार होते आणि टायर आतून सुटतो. काका, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर हवा तपासायचं सोडू नका.

घेताना तारीख बघा. टायरवर चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. पत्र्याच्या गोदामात दोन-तीन उन्हाळे काढलेला टायर स्वस्त मिळाला तरी नको. जीटीला वेगाची श्रेणी व्ही घ्या, ती २४० किमीपर्यंतची असते. काही टायरवर तापमानाची श्रेणी छापलेली असते, तिथे ए असेल तर उत्तम.

आसरा_चौक:
माझा पुतण्या जर्मनीत असतो. तिकडे थंडीत वेगळे टायर लावतात, रबर मऊ, पकड जबरदस्त. तसले मागवता आले तर बघा. मऊ रबर म्हणजे पकड, साधी गोष्ट आहे.

टायरवाला_अक्कलकोटरोड:
नको. ते रबर ७ अंशांच्या खालीही मऊ राहावं म्हणून बनवलेलं असतं. बाजूला डोंगर आणि हिमकणाची खूण असते. आपल्याकडे जानेवारीत गड्डा यात्रेच्या थंडीतसुद्धा पारा त्याच्या बराच वर असतो. मे मध्ये ४२-४३ अंशांत ते टायर रस्त्यावर खडूसारखे झिजतील आणि ब्रेकला गाडी लांब जाईल.

जीटी_मालक:
म्हणूनच पायलट स्पोर्ट, ते उन्हाळीच आहेत. मी बजेटचं वाचलं होतं, पण सुरक्षेला बजेट नसतं.

बार्शीचा_पाव्हणा:
२०५/५५ आर १६. पुन्हा सांगतो.

टायरवाला_अक्कलकोटरोड:
२०५/५५ ने टायरचा व्यास १.८ टक्के वाढतो, म्हणजे मीटरवर १०० असताना गाडी आधीपेक्षा दोनेक किमी जास्त पळते. चालतं, पण पिकअप किंचित बसतो. मी १९५/५५ आर १६ च सांगेन. बाहेरचे अलॉय घेतलेत तर दोन गोष्टी: मधलं भोक ५७.१ मिमी पाहिजे, आणि बोल्ट. फोक्सवॅगनच्या मूळ रिमला गोल बैठकीचे बोल्ट असतात, बाहेरच्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराचे लागतात. जुनेच बोल्ट आवळले तर बैठक नीट बसत नाही आणि चालत्या गाडीत ढिले होतात.

नवीपेठ_काका:
बोल्टचं हे आमच्या मेकॅनिकने कधी सांगितलं नाही. उद्याच बघतो.

विजापूररोडकर:
सगळ्यांचे आभार. काल काम उरकलं. मी १५ इंचावर आलो.

होटगी रोडला एकांनी आपल्या जुन्या जीटीला १७ लावले होते, त्यांचे कंपनीचे १५ चे चारही रिम घरात पडून होते. १८ हजारांत दिले. फिरवून पाहिले, सरळ आहेत, आणि मूळ बोल्टच बसले. त्यावर १९५/६० आर १५ टाकले, ८८ व्ही (८८ हा भाराचा आकडा). हिशेब करून घेतला: व्यास माझ्या जुन्या टायरपेक्षा एक टक्काही कमी नाही, भिंत १०७ ची ११७ मिमी झाली आणि भार उलट ५४५ वरून ५६० किलो. सगळे मिळून ४४ हजार. वळणावर पहिला क्षणभर गाडी थोडी झुलते, ते खरं आहे. पण मंगळवेढ्याच्या त्याच रस्त्याने काल रात्री आलो आणि पहिल्यांदाच स्टिअरिंग घट्ट धरून बसलो नव्हतो.

जीटी_मालक:
जीटीला १५? गाडीची शान घालवलीत. मनापासून वाईट वाटलं.

जुळे_सोलापूरची:
रोजच्या रस्त्याला बरोबर घेतलंत दादा. हवेचा गेज स्वतःचा घ्या, पंपावरच्यावर जाऊ नका.

बार्शीचा_पाव्हणा:
उजवीकडचे १६ चे दोन रिम चांगले आहेत ना? विकणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रविवारी सोलापुरात आहे.