सशांतील यश आणि गर्भपटलाचे छिद्र
पोटातील गर्भावर उपचार करताना गर्भपटलाला, म्हणजे गर्भाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीच्या पातळ आवरणाला, छिद्र पडते. सशांमध्ये कोलॅजन या प्रथिनाच्या बुचाने हे छिद्र बुजवता येते, तर तो उपाय रुग्णालयांत अजून सर्रास का वापरला जात नाही, या प्रश्नाबाबत थोडी भर घालतो. सशिणीचा गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा असतो. तेविसाव्या दिवसाच्या आसपास गर्भपिशवीला छिद्र पाडून त्यात बूच बसवतात आणि आठवडाभराने पिशवीत पाणी उरले आहे का, पटल सांधले आहे का, इतकेच नव्हे तर पिल्लाच्या फुप्फुसांचे वजनही तपासतात, कारण पाणी गळून गेल्यास फुप्फुसे खुरटतात. एकाच सशिणीच्या पोटात अनेक स्वतंत्र पिशव्या असल्याने शेजारची न टोचलेली पिशवी तुलनेला आयतीच मिळते, ही सोय मोठीच म्हणायची. मात्र तिथे बुचाला जेमतेम आठवडा तग धरायचा असतो, तर माणसात कित्येक आठवडे. शिवाय गर्भपटलाच्या आतल्या थरात, म्हणजे उल्वपटलात, रक्तवाहिन्याच नसल्याने त्वचेसारखी जखम तिथे भरून येत नाही. पाठीच्या कण्यातील दोषावरील २०११च्या अमेरिकी चाचणीत गर्भावस्थेत शस्त्रक्रिया झालेल्या गटातील ४६ टक्के स्त्रियांचे पटल वेळेआधी फुटले होते. जन्मानंतरच्या शस्त्रक्रियेच्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते.