मदत हवी आहे: रानडुकरांसाठी क्रॉसबोची परवानगी, निवेदन कसं लिहायचं?

रताळीवाला
नमस्कार मंडळी. डुकरांनी रताळ्याची वाट लावली आहे. शेतकऱ्याला क्रॉसबोने (घोडा दाबून बाण सोडायचं आडवं धनुष्य) डुक्कर मारायची कायदेशीर परवानगी मिळावी म्हणून आम्ही गावातली पोरं सह्या गोळा करूलालोय. बंदुकीचं लायसन्स आमच्यासारख्याला कोण देणार, आणि गावात ज्या एक-दोघांकडे आहे त्यांची बंदूक इलेक्शन लागलं की पोलीस ठाण्यात जमा. क्रॉसबोचा आवाज नाही, गोळीसारखं लांब जाऊन कुणाला लागायचं भय नाही, अमेरिकेत लोक रीतसर शिकार करतात. निवेदन कुणाच्या नावाने करायचं आणि कुठलं कलम घालायचं एवढंच सांगा. काढणी तोंडावर आली आहे, अर्जंट आहे. सोलर कुंपण लावा म्हणून कृपया सांगू नका.

नंदगडचा_शेतकरी
भावा राग नको मानू पण सोलरच लाव. आमच्याकडे भाताला लावलंय. खालची तार जमिनीपासून वीतभरच ठेवायची, नाहीतर डुक्कर खालून घुसतं, आणि तारेला गवत टेकू द्यायचं नाही, सगळा करंट मातीत जातो. लोक वर्षभर गवत कापत नाहीत आणि मग सोलर बेकार म्हणतात.

रताळीवाला
वर काय लिहिलंय ते वाचा की हो.

रानवाटा
गाव कुठलं? भीमगड अभयारण्याच्या हद्दीत का बाहेर? आणि नुकसान फक्त डुकरांचं का गवे पण येतात? हे कळल्याशिवाय कलम कसं सांगणार?

रताळीवाला
खानापूर तालुका, जांबोटीकडे. हद्दीबाहेर, पण आमच्या शेवटच्या बांधाला लागूनच जंगल. गवे पण येतात, त्याचं काय?

वकीलकाका
गव्याचं बरंच काही आहे. गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याने पीक खाल्लं म्हणून मारायची परवानगी कुणीच देऊ शकत नाही. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणून निवेदनात फक्त डुक्कर लिहा, गवा मध्ये आणलात तर अर्ज तिथेच संपला. तुमचं कलम ११(१)(ख). उभ्या पिकाला धोका झाला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारणं देऊन लेखी परवानगी देऊ शकतो, ठराविक क्षेत्रापुरती. मारलेलं जनावर सरकारचं होतं, हेही लक्षात ठेवा. परवानगीशिवाय मारलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

चंदगडी
आमच्याकडे महाराष्ट्रात डुकरासाठी परवानगी मिळते राव, तुम्ही कर्नाटकात उगाच अडकलाय.

वकीलकाका
चंदगडी, कायदा केंद्राचा आहे, कलम दोन्हीकडे एकच. अधिकार किती खालच्या अधिकाऱ्याला दिलेत एवढाच फरक. केरळात २०२२ पासून पंचायत अध्यक्षालाच तो अधिकार आहे, मात्र विष, स्फोटकं आणि वीज वापरायची नाही. मागायचं तर ते मागा.

चंदगडी
मग काय चुकीचं बोललो मी? आमचा अर्ज मराठीत तरी घेतात. तुम्हाला आधी कन्नड लिहून देणारा माणूस शोधावा लागतो.

बेळगाव_कॅम्प
अल्पभाषिक पंधरा टक्के असले की त्यांच्या भाषेत कागद द्यायचा नियम असताना मराठी कागद द्यायला काय होतंय यांना? कर्नाटकचाच १९८१ चा भाषेचा कायदा वाचा कुणीतरी.

रानवाटा
अहो तो विषय वेगळा धागा काढून बोला. पोराचं पीक जाऊलालंय. दादा, अर्ज दोन्ही भाषांत दे आणि मोकळा हो.

खडकगल्ली_तिरंदाज
क्रॉसबो किती पाउंड ओढीचा बघताय? माझ्या मुलाला तिरंदाजी शिकायची आहे, बेळगावात कोच कोण आहे सांगाल का?

अमेरिकावारी
मी ओहायोत असतो, इथे क्रॉसबोने हरणाची शिकार चालते. पण प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असू शकतो, ओरेगॉनात क्रॉसबोने शिकार बंद आहे, ब्रिटनमध्ये तर १९८१ च्या कायद्याने धनुष्य आणि क्रॉसबो दोन्ही बंद. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. बाण गोळीसारखा जागेवर पाडत नाही, रक्त जाऊन जनावर मरतं, त्याआधी ते पळतं. इथले लोक दिवसा झाडावरच्या मचाणावर बसतात, तीस-चाळीस यार्डांवरून मारतात, मग थांबून रक्ताचा माग काढतात. तुमची डुकरं रात्री येतात आणि शेजारी ऊस. जखमी डुकराच्या मागे बॅटरी घेऊन उसात कोण शिरणार?

रताळीवाला
साहेब, तुमचं म्हणणं पटतंय पण आमच्याकडे आत्ता काय चाललंय ते बघा. कुणी क्लच वायरचे फास लावतंय, कुणी पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतंय, त्याने गावातल्या गाईचं तोंड फाटलेलं मी बघितलंय. कुणी थेट मेनची लाईन तारेत सोडतंय, तिथे माणूस मेला तर? हे सगळं चोरून चालतं आणि सगळ्यांना माहीत आहे. शिकवून, नोंद ठेवून, दिवसा मचाणावरून हत्यार चालवायला दिलं तर ते याच्यापेक्षा वाईट कसं? आमचा वरंबा येऊन बघा. नांगर फिरवल्यासारखा उलटा पडतो, वेल मुळासकट बाहेर, आणि रताळी एक घास चावून टाकलेली. खाल्लं असतं तर एवढं वाईट वाटलं नसतं. एपीएमसीत चावलेला माल कोण घेतो? रात्री माळ्यावर डबा वाजवत बसतो, चार दिवसांत ती डब्याला पण सरावतात.

जुना_गडी
आमच्या लहानपणी शिमग्याला पारध निघायची, सगळा गाव, कुत्री, भाले, ढोल. डुकरं गावाजवळ फिरकत नव्हती. आता म्हाताऱ्यालाच केस घालतात. परत सुरू करा, क्रॉसबो कशाला पाहिजे?

वकीलकाका
मामा, जाळं, फास, सुरा, धनुष्यबाण हे सगळं कायद्याच्या ‘शस्त्र’ व्याख्येत नाव घेऊन आहे. पारध पण शिकारच. आणि रताळीवाला, तुमच्यासाठीही तेच, क्रॉसबो हातात घेऊन लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात पाऊल टाकलंत तर कलम ३१ लागतं, डुक्कर दिसो न दिसो.

नंदगडचा_शेतकरी
म्हणून म्हणतो सोलर.

पुणेकर_खवय्या
परवानगी मिळाली तर मटण खाता येतं का?

वकीलकाका
वर लिहिलंय, जनावर सरकारचं. नाही.

रताळीवाला
ठीक. मग असं करतो. ग्रामसभेत ठराव घेतो, त्यात दोन मागण्या ठेवतो. एक, ११ खाली परवानगी द्यायचा अधिकार आमच्या आरएफओंपर्यंत (वनपरिक्षेत्र अधिकारी) खाली द्या. दोन, ज्याच्याकडे बंदूक नाही त्याला प्रशिक्षण देऊन क्रॉसबो वापरायला मिळावा, दिवसा आणि मचाणावरून. दुसरी मागणी मी सोडणार नाही, बंदूक नाही म्हणजे त्या शेतकऱ्याला कायदाच नाही असं होतंय. आणि डुकराला ‘उपद्रवी’ जाहीर करा, म्हणजे मारायला परवानगी लागणार नाही, अशी केंद्राकडे मागणी पण घालू का? बिहार आणि उत्तराखंडला मिळालं होतं म्हणतात.

वकीलकाका
मिळालं होतं, कलम ६२ खाली, ठराविक जिल्ह्यांना, ठराविक मुदतीपुरतं. केरळने पुन्हा पुन्हा मागूनही केंद्राने दिलेलं नाही. घाला, पण त्यावर विसंबू नका. आधी सांगा, मागच्या दोन-तीन हंगामांत पंचनामे किती झाले? ई-परिहारवर (वनखात्याची भरपाईची ऑनलाइन सोय) नुकसानीचा अर्ज टाकला होता का?

रताळीवाला
नाही. पंचनाम्याला माणूस यायला आठ दिवस लागतात तोवर पाऊस पडून सगळं सपाट होतं.

रानवाटा
फोटो काढत जा रे, बांध आणि सर्व्हे नंबरचा दगड दिसेल असे. पायाचे ठसे पण. गावातल्या सगळ्यांनी अर्ज टाकले पाहिजेत, फाईलमध्ये नुकसानच दिसलं नाही तर ‘उभ्या पिकाला धोका’ कुणाला दिसणार?

वकीलकाका
आणि आरटीसीवर (आपल्याकडचा सातबारा) नाव कुणाचं आहे?

रताळीवाला
आज्याचं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा आणि दोन काका, वाटणी तोंडी आहे.

वकीलकाका
मग सह्यांच्या आधी वारसा लावून घ्या. नुकसान भरपाईला आरटीसी लागतो, परवानगीच्या अर्जालाही जमीन कुणाची ते विचारणारच. मेलेल्या माणसाच्या नावाने दोन्हीपैकी काही होणार नाही.

रताळीवाला
धाकटे काका सही करायला तयार होत नाहीत. बघतो, सोमवारी तलाठ्याकडे जातो. ठरावाचा मसुदा रात्री इथे टाकतो, कन्नड करून देणारं कुणी असेल तर सांगा.