अंबाझरीतलं नायट्रेट आणि ब्रॉडबँडची फायबर

एक प्रश्न आलाय: नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर स्पेक्ट्रोमीटर (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला ते मोजणारं यंत्र) ठेवून ब्रॉडबँडची उरलेली फायबर पाण्यात सोडली, तर नायट्रेट मोजता येईल का? नाही येणार. नायट्रेट प्रकाश शोषतं ते २२० नॅनोमीटरच्या आसपास, खोल अतिनील भागात. ब्रॉडबँडची फायबर १३१० आणि १५५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशासाठी बनवतात. १५५० ला किलोमीटरमागे जेमतेम ०.२ डेसिबल घट होते, पण अतिनील प्रकाश तिच्यातून फार लांब जातच नाही. शिवाय प्रकाश वाहून नेणारा तिचा गाभा फक्त ९ मायक्रॉनचा, त्यात परतीचा प्रकाश शिरणार किती? नायट्रेटच हवं असेल तर दिवा आणि डिटेक्टर दोन्ही पाण्यात उतरवणारा सेन्सर घ्या, काठापर्यंत साधी केबल आणा.

फायबरच वापरायची तर विरघळलेला ऑक्सिजन मोजा, असं मी आग्रहाने सांगेन. जाड गाभ्याच्या फायबरच्या टोकावर रुथेनियम संयुगाचा पातळ थर असतो. निळा प्रकाश पाठवला की तो थर तांबूस चमकतो. ऑक्सिजन जितका जास्त, तितकी चमक लवकर विझते. चमक किती तीव्र आहे यापेक्षा ती किती वेळ टिकली हे मोजायचं, म्हणजे फायबर थोडी वाकली किंवा दिवा मंदावला तरी आकडा फारसा हलत नाही. मला ही युक्ती फार सुंदर वाटते!

तापमानाची दुरुस्ती मात्र हवीच. नागपूरच्या मे महिन्यात काठचं उथळ पाणी दुपारपर्यंत चांगलंच तापतं. टोकावर शेवाळ धरतं, ते नियमित पुसा, आणि अधूनमधून विंकलर टायट्रेशनने (पाण्यातला ऑक्सिजन मोजायची रासायनिक पद्धत) आकडे ताडून बघा.